राजीखुशी वगळून

कलबुर्गीहून बेंगळुरूला जाणारं मांजरा एअरचं सकाळचं विमान त्या दिवशी उशिरा सुटलं. त्याला कमलनगरचा एक जीपड्रायव्हर, त्याची वैमानिक लेक आणि एक शब्द असे तिघं कारण झाले. शेवटी विमानातून कंपनीचे विभागीय व्यवस्थापक खाली उतरले आणि जीपड्रायव्हर वर चढला. पण तसं काही झालेलं नाही. कंपनीच्या नोंदीप्रमाणं त्या दिवशी कलबुर्गीत वारा होता. कुठून कुठं वाहत होता ते लिहिलेलं नाही, पण होता. तेव्हा वारा होता असं धरून आपण सुरुवातीपासून बघू.

मांजरा एअर हे नाव आपल्या मांजरा नदीवरून ठेवलेलं. पण विमानाच्या शेपटीवर चित्र काढायचं काम ज्याला दिलं तो माणूस लांबचा. त्याला नदी ठाऊक नव्हती, म्हणून त्यानं मांजर काढलं. चांगलं काढलं. मालकाला आवडलं. तेव्हापासून बिदर-कलबुर्गीकडची माणसं वर आवाज झाला की "मांजर आलं" म्हणतात, आणि ते आडवं गेलं तरी कुणी थांबत नाही.

या मांजरीवर ज्योत्स्ना मेत्रे वैमानिक होती. आदल्या दिवशी दुपारी कॅप्टन गुरुबसव यांनी तिची शेवटची परीक्षा घेतली. बेंगळुरूहून कलबुर्गीला विमान तिनं आणलं, गुरुबसव शेजारी हाताची घडी घालून बसले, आणि उतरल्यावर म्हणाले, "तंगी, मला दोनदा झोप आली. पास." गुरुबसव अफजलपूर तालुक्यातल्या करजगीचे. तंगी म्हणजे धाकटी बहीण. आणि दुसऱ्याच्या हातात विमान असताना झोप येणं ही त्यांच्याकडची सगळ्यात मोठी पदवी. ती त्यांनी आजवर फार थोड्यांना दिली होती.

म्हणजे आज ज्योत्स्ना कप्तान होती. तिचं कप्तान म्हणून पहिलं विमान दुपारी बेंगळुरूहून निघून बिदरला उतरणार होतं. त्यासाठी सकाळच्या विमानानं तिला कलबुर्गीहून बेंगळुरूला पोचवणं हे कंपनीचं काम. वैमानिकाला असं विमान न चालवता, नुसतं प्रवाशासारखं बसवून कामाच्या जागी नेतात, त्याला या धंद्यात 'डेडहेड' म्हणतात. हे तिनं वडिलांना फोनवर सांगितलं होतं. "अप्पा, मी उद्या सकाळी डेडहेड हाय, दुपारी कप्तान." बाबूलाल मेत्रेंनी हे कमलनगरच्या स्टँडावर सगळ्यांना समजावून दिलं. "सकाळी डोकं मेलेलं अस्तंय. दुपारी कामाला लागतंय." यावर कुणाला काही शंका नव्हती. स्टँडावरल्या बहुतेकांचं तसंच असतं.

बाबूलाल कमलनगर ते औराद जीप मारतात. बिदर त्यांच्या घरापासून जीपनं तासा-दीड तासाच्या वाटेवर. लेकीचं विमान बिदरलाच उतरणार, तेव्हा ते तिथं जाऊन कुंपणापाशी उभं राहून हात हलवू शकले असते. पण त्यांना लेक चालवत असलेल्या गाडीत बसायचं होतं, आणि ती गाडी बेंगळुरूहून निघत होती. म्हणून ते अंधार असतानाच कमलनगरहून निघाले, जीप घेऊन कलबुर्गीला आले. कलबुर्गीहून बेंगळुरूला जाणार, बेंगळुरूहून बिदरला येणार. म्हणजे संध्याकाळी घराच्या जरा अलीकडं पोचणार. जीप मात्र कलबुर्गीलाच राहणार होती. ही गोष्ट त्यांच्या ध्यानात यायला अजून अवकाश होता.

विमानतळावर ते पांढरा सदरा, पांढरी विजार आणि खिशाला निळं पेन लावून आले. पेन लिहायला नव्हतं. लेक कप्तान होते त्या दिवशी खिसा रिकामा बरा दिसत नाही. तपासणीत त्यांच्या डब्यातल्या शेंगाच्या चटणीवर बरीच चर्चा झाली. चटणी ही वाळकी की ओली, हा प्रश्न सुरक्षावाल्यांनी आपसात सोडवेपर्यंत बाकी सगळे प्रवासी विमानात जाऊन बसले होते. बाबूलाल शेवटचे.

आणि तेवढ्यात अकराव्या रांगेतल्या एका सीटचा पट्टा लागेना. पट्टा लागत नाही त्या सीटवर माणूस बसवता येत नाही. विमान छोटं, भरलेलं, आणि दिवसाला एकच. म्हणजे एक माणूस जास्त झाला. कॉम्प्युटरनं सगळ्यांत शेवटी आलेल्याचं नाव पुढं केलं.

"बाबूलाल मेत्रे काका कोण?" शिडीच्या पायथ्याशी सुधारानीनं विचारलं. ती कंपनीची इथली मुलगी. तिकीट बघण्यापासून शिडी लावण्यापर्यंत कलबुर्गीत मांजरा एअर म्हणजे सुधारानीच.

"मीच की."

"काका, एक सीट बिघडलीय. तुम्हाला आज जाता येत नाही. उद्या नेतो. हॉटेल देतो, जेवण देतो."

बाबूलालनी विमानाकडं पाहिलं, मग सुधारानीकडं, मग शेजारी गणवेशात उभ्या असलेल्या लेकीकडं. "उद्या काय करू जाऊन? उद्या ही शिळी कप्तान झालेली असनार."

"सीटच नाही ना काका."

"सीट कामून पायजे? माझ्या जीपीत सीट कधी अस्ती का? तिथं जागा करावं लागती. मी मधल्या दांडीला धरून उभारतो. औरादपरीस जरा लांब हाय, इतकंच की."

"विमानात दांडी नाही, अप्पा," ज्योत्स्ना म्हणाली.

"मंग धरायचं कशाला?"

याचं उत्तर वैमानिकाच्या शिक्षणात नाही.

सुधारानी वर गेली आणि कुणी आपखुशीनं उतरतंय का, असं तिनं तिन्ही भाषांत विचारलं. सगळं विमान एकाएकी मोबाईलमध्ये काहीतरी शोधू लागलं. एक आजोबा तर बंद मोबाईलमध्ये शोधत होते. ती खाली आली तेव्हा तिच्या मागोमाग पहिल्या रांगेतले एक गृहस्थ उतरले. गळ्यात ओळखपत्र, हातात अर्धा प्यालेला चहा. हे मांजरा एअरचे विभागीय व्यवस्थापक रेवणसिद्धप्पा. बेंगळुरूला 'कर्मचाऱ्यांचे सहकार्य कसे वाढवावे' या विषयावर बोलायला निघाले होते.

"यात काय अडचण आहे?" ते म्हणाले. "ज्योत्स्ना मॅडमना सीट दिली आहे ना? त्या वैमानिक आहेत. त्यांना पुढं कॉकपिटात जंपसीटवर बसवा. त्यांची सीट वडिलांना द्या. घरचा प्रश्न घरात मिटला."

बाबूलालचा चेहरा उजळला. "जंपसीट म्हंजे?"

"वैमानिकांच्या मागं एक घडीची सीट असते. अगदी ड्रायव्हरच्या जवळ."

आता इथं एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. कमलनगरच्या जीपमध्ये बावीस माणसं बसत असली तरी ड्रायव्हरच्या शेजारची जागा एकच असते. ती तहसीलदाराची, डॉक्टरची किंवा नव्या जावयाची. तिघं एकदम आले तर जावई जिंकतो. त्या जागेवर बसलेल्या माणसाला कुणी पुढं सरक म्हणत नाही, त्याच्या मांडीवर कुणी पोतं ठेवत नाही. त्यामुळं बाबूलालना हे ऐकून भरून आलं.

"ज्योती, माय, जावयाची जागा द्यायलेत तुला! अन् तू अशी तोंड पाडून कामून उभारलीस?"

ज्योत्स्नाचं तोंड खरंच पडलं होतं. कारण गेल्या वर्षी कंपनी आणि वैमानिकांची संघटना यांच्यात जो करार झाला त्यातलं कलम चौदा तिनं लिहिलेलं होतं, आणि कलम चौदा याच घडीच्या सीटबद्दल होतं.

तो सगळा वाद बेंगळुरूच्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये झाला होता. ज्या वैमानिकाला पोचल्यावर विमान चालवायचं आहे त्याला नेताना प्रवाशांच्या भागात नीट सीट द्यावी, हे कंपनीनं मान्य केलं. फक्त शेवटी पाच-सहा शब्द घातले: वैमानिकानं स्वखुशीनं मान्य केल्यास जंपसीटही चालेल. ही जंपसीट म्हणजे भिंतीतून बाहेर काढायची फळी. पाठ ताठ, गुडघे हनुवटीशी, डोक्यात दोन माणसांची बोलणी. तिच्यावरून उतरून कुणी विमान चालवायला बसलं तर आधी त्याचीच घडी उलगडावी लागते.

संघटनेतले बहुतेक म्हणाले, राहू दे ते शब्द, काय बिघडतं? सगळ्यात जोरात गुरुबसव म्हणाले. त्यांचं म्हणणं वेडगळ नव्हतं. एकदा येळवसेच्या, म्हणजे शेतात जेवायच्या सणाच्या, आदल्या दिवशी सगळी विमानं भरलेली असताना दुसऱ्या एका कॅप्टननं त्यांना त्या फळीवर बसवून आणलं होतं. दुसऱ्या दिवशी ते करजगीच्या शेतात भज्जी आणि अंबिल खायला हजर होते. "वैमानिकानं वैमानिकाला दिलेली जागा आहे ती," ते म्हणाले होते. "त्यात माणुसकी आहे. तू कलम घालून माणुसकी बंद करायलीस, तंगी."

"सर, सुट्टीत घरी जाणं वेगळं अन् कामावर नेलं जाणं वेगळं," ती म्हणाली होती. "घरी जायला फळीवर बसा, पंखावर बसा. पण कंपनी कामावर नेत असेल तर स्वखुशी हा शब्द नको."

"स्वखुशीनं तुला काय केलं?"

तेव्हा ज्योत्स्नानं तिच्या घरातला एक शब्द सांगितला होता. राजीखुशी. निजामाच्या काळात तिचे खापरपणजोबा साहेबाच्या घोड्यापुढं पळत पुढच्या गावापर्यंत सांगावा नेत. पगार नाही, पायात काही नाही. दप्तरात मात्र लिहिलेलं असे, की हा मनुष्य सदर काम राजीखुशीनं करतो. पणजोबांनी लाकडं वाहिली, तीही राजीखुशीनं. छप्पन सालच्या धर्मांतरानंतर पणजोबांनी गळ्यातली दोरी, नाव आणि काम तिन्ही टाकलं, मुलाचं नाव रत्नपाल ठेवलं, आणि घरात एक वाक्य ठेवून गेले: "आपल्या घरात राजी लय जण झाले. खुशी कुणी बघितली न्हाई."

मग मत घेतलं. शब्द गेला. गुरुबसव तेवढे विरोधात राहिले, आणि नंतर जेवताना त्यांनी आपल्या ताटातली खव्याची पोळी तिला दिली. विरोध विरोधाच्या जागी.

तर आता त्याच कलमाची लेखिका शिडीपाशी उभी होती, आणि विमानाबाहेर राहणारा माणूस तिचा बाप होता.

खरं सांगायचं तर तिला बसावंसं वाटलं. चांगलं दोन-तीनदा वाटलं. बेंगळुरू काही लंकेत नाही, फळी काही काट्यांची नाही. अप्पांनी अंधारात जीप काढली होती. ती पहिल्यांदा उडायला शिकायला गेली तेव्हा ह्यांनी जीपच्या मागच्या काचेवर लिहिलेलं 'आई-वडिलांचा आशीर्वाद' पुसून 'लेकीचा आशीर्वाद' लिहून घेतलं होतं, आणि औरादच्या रस्त्यावर पोरं हसली तर हे हॉर्न वाजवून पुढं जात. या माणसाला आज आपल्या विमानात, पहिल्या रांगेत बसवायचं, हे तिनं पायलटचं पहिलं पुस्तक उघडलं तेव्हापासून ठरवलेलं. उद्या ती कप्तान असेलच. पण पहिल्यांदा कप्तान आजच होती.

पण मग तिला पुढचा महिना दिसला. एखादं नवं पोरगं, बिचारं, नोकरीला लागून चार दिवस झालेलं, त्याच्या खांद्यावर हात ठेवून हेच रेवणसिद्धप्पा सांगतायत, "अरे, मेत्रे मॅडम बसल्या होत्या. कलम त्यांनीच लिहिलंय. तुझं काय एवढं?" आणि पोरगं राजीखुशीनं घडी होतंय.

"अप्पा," ती म्हणाली, "मी फुडं बसले तर तुमाला जागा मिळती. पण मी बसनार न्हाई."

"जावयाची जागा हाय म्हंत्यात की."

"जावयाची न्हाई. मागच्या फळीची हाय. अन् ह्यांना ती माझ्या खुशीनं पायजे. ते राजीखुशी मीच काढून टाकलंय करारातून. आता तुमच्यासाठी परत कसं आत घेऊ?"

बाबूलालनी डबा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. जीपचा ड्रायव्हर वळणावर जसा समोर बघून एकदम शांत होतो तसे ते शांत झाले.

"राजीखुशी म्हंजे, आपल्या घरातलं ते?"

"व्हय."

"अन् ते तू काढलीस? लिहून?"

"व्हय, अप्पा."

"कंपनीनं ऐकलं?"

"सही केली."

"मंग बसू नगंस," बाबूलाल म्हणाले. "मी बघतो माझं."

रेवणसिद्धप्पांनी चहाचा शेवटचा घोट घेतला. "ज्योत्स्ना मॅडम, एक विचारू? बाप मोठा की कलम?"

"बाप," ज्योत्स्ना म्हणाली. "पण जंपसीटवर बापाला बसता येत न्हाई, साहेब. येत असतं तर आतापर्यंत सगळी कंपनी बापाला बसवून मोकळी झाली असती."

सुधारानीला हसू आलं. तिनं ते खाली बघून गिळलं आणि कागद पुढं केला. "काका, मग इथं सही करा. म्हणजे उद्याचं तिकीट पक्कं."

"काय लिवलंय ह्यात?"

सुधारानीनं कन्नडमध्ये वाचलं, मग मराठीत सांगितलं. "मी आजचं उड्डाण माझ्या मनानं सोडत आहे. म्हणजे... तुमच्या राजीखुशीनं, काका."

बाबूलालनी खिशाचं पेन काढलं होतं. ते त्यांनी परत खिशाला लावलं.

"उतरतो म्हंलं तर उतरतो," ते म्हणाले. "चढलोच न्हाई तर उतरायचं काय अस्तंय. पण खुशीनं उतरलो म्हनून लिवून देनार न्हाई. मला खुशी न्हाई. तुम्ही लिवा, बाबूलाल मेत्रे नाखुशीनं खाली राहिला. खाली मी सही करतो, लागल तर दोनदा करतो."

"नाखुशीचा कागद नाही आमच्याकडं."

"मंग छापून घ्या. मी थांबतो."

आता कागदावर सही नाही, तोवर बाबूलाल कायद्यानं प्रवासी. प्रवासी खाली, म्हणून दार लागेना. दार लागेना म्हणून विमान हलेना. वरून सत्तरेक माणसं खिडक्यांतून खाली बघत होती. ज्यांच्या बाजूला हे दिसत नव्हतं त्यांना अलीकडचे सांगत होते. कुणीतरी पलीकडं असं पोचवलं, की खाली पायलट बाईंनी आपल्या बापाला विमानात घ्यायला नकार दिलाय, आणि बाप म्हणतोय की बरोबर आहे.

शेवटी वरून कॅप्टन गुरुबसव उतरले. आजचं विमान त्यांचं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, सुधारानीकडून, मग ज्योत्स्नाकडून, आणि मग पुन्हा बाबूलालकडून, ज्यात चटणीचाही भाग होता.

"कॅप्टन," रेवणसिद्धप्पा म्हणाले, "जंपसीटवर कोण बसेल हे शेवटी तुम्ही ठरवता. आणि तुम्ही तर त्या कलमाच्या विरोधात होता. तुमचं मत मला माहीत आहे."

"व्हय, विरोधात होतो," गुरुबसव म्हणाले. "अजून हाय. तंगी, तो शब्द ठेवायला पाहिजे होता. आज तुझाच बाप आत बसला असता."

"व्हय, सर."

"मग? चुकलीस ना?"

"न्हाई, सर. शब्द असता तर मला आज 'नाही' म्हणायची सोयच राहिली नसती. बाप खाली उभा असताना नाही म्हणणारी पोरगी कुठं मिळते? राजी होणं सोपं पडलं असतं. म्हणून तर काढला."

गुरुबसवांनी विमानाकडं तोंड केलं. शेपटीवरचं मांजर उन्हात बरं दिसत होतं. त्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. कप्तानानं टोपी काढून घातली की काहीतरी ठरलेलं असतं, हे सुधारानीला ठाऊक होतं. तिनं कागद घडी घालून ठेवला.

"माझं मत बदललेलं नाही," ते म्हणाले. "शब्द असता तर बरं झालं असतं. पण शब्द नाही. करारात नसलेला शब्द मी माझ्या विमानात बसू देत नसतो. त्याला तिकीट नाही. जंपसीट आज बंद."

"मग कोणाला खाली ठेवायचं?" रेवणसिद्धप्पा म्हणाले.

"बघू की. साहेब, तुमचं तिकीट कुठलं?"

"माझं? माझा पास आहे. कंपनीचा."

"पासावर काय लिहिलंय?"

रेवणसिद्धप्पांनी रिकामा कप पुन्हा तोंडाला लावला. पासाच्या मागं काय लिहिलंय ते मांजरा एअरमध्ये सगळ्यांना पाठ आहे: जागा शिल्लक असल्यासच. आणि त्या अटीखाली सही कुणाची, तेही सगळ्यांना माहीत आहे. विभागीय व्यवस्थापकांची.

"पण मी आधीच बसलो होतो!" ते म्हणाले. "रात्रीच ऑनलाईन चेक-इन केलंय. माझं तिथं भाषण आहे!"

"कशावर?" बाबूलालनी आपलेपणानं विचारलं.

"सहकार्यावर," सुधारानी म्हणाली. व्यवस्थापकांच्या वतीनं तिनंच सांगितलं, कारण त्यांना ते त्या क्षणी आठवत नव्हतं.

वरून रेवणसिद्धप्पांची बॅग खाली आली. पहिल्या रांगेतल्या माणसानं ती राजीखुशीनं काढून दिली. सुधारानीनं घडी घातलेला कागद उलगडला. "सर, सही करता का? मी माझ्या मनानं उड्डाण सोडत आहे."

रेवणसिद्धप्पांनी कागद वाचला. अगदी पहिल्यांदाच वाचत असल्यासारखा. मग परत दिला.

"मी माझ्या मनानं सोडत नाहीये," ते म्हणाले. "हे लिहून देणार नाही."

"बघा," बाबूलाल म्हणाले, आणि त्यांना एकदम या माणसाबद्दल जिव्हाळा वाटला. त्यांनी डब्यातली चटणी-भाकर काढून त्यांच्या हातात दिली. "खावा साहेब. मला आता वर काहीतरी देतील. अन् भाईर जीप उभी हाय माझी, किल्ली घ्या. कमलनगरला आनून द्या नंतर, घाई न्हाई." जीप मागं राहते आहे हे त्यांच्या ध्यानात आलं ते इथं. रेवणसिद्धप्पांनी किल्ली का घेतली हे त्यांना आजतागायत सांगता आलेलं नाही.

दोघांनी सही न केलेला कागद सुधारानीनं फाडला, आणि उशिराच्या कारणात 'वारा' लिहिलं.

बाबूलाल पहिल्या रांगेत बसले. ज्योत्स्ना आपल्या सीटवर, कलम चौदाप्रमाणं पाठ टेकून, पाय सोडून बसली आणि बेंगळुरूपर्यंत झोपली. डेडहेडनं हेच करायचं असतं. मध्ये एकदा गुरुबसवांचा आवाज आला, त्यांनी बाहेरचं हवामान सांगितलं आणि म्हणाले, "आज आपल्या विमानात एक नवी कप्तान झोपलेली आहे. कुणी आवाज करू नये." सगळ्या विमानानं आवाज केला नाही. बाबूलालनी तेवढा केला. नाक शिंकरलं, तेही मोठ्यानं.

दुपारी बेंगळुरूहून बिदरचं विमान निघालं. बाबूलाल पुन्हा पहिल्या रांगेत. कॉकपिटचं दार लागण्याआधी ज्योत्स्नानं मागं वळून पाहिलं. खांद्यावर चार पट्ट्या होत्या. बाबूलालनी हात केला नाही. ड्रायव्हरला गाडी सोडताना हात करायचा नसतो, त्याचं लक्ष जातं. ते नुसते ताठ बसले, पट्टा लावून, खिशाला पेन लावून, चालवणाऱ्या माणसाचं काम चोख चालू आहे ना हे बघणाऱ्या माणसासारखे. विमान जमिनीवरून उठलं तेव्हा शेजारच्या प्रवाशानं डोळे मिटले. "मिटू नका," बाबूलालनी सांगितलं. "गेर बदलायलीय. बघा कशी बदलती. धक्का न्हाई." विमानाला गेर नसतात. पण धक्का खरंच नव्हता.

वर गेल्यावर घोषणा झाली. "आपल्या आजच्या कप्तान आहेत ज्योत्स्ना." एवढंच. मग पाणी, मग बिस्किटं. बाबूलालनी शेजाऱ्याला, मागच्या रांगेला आणि बिस्किटं घेऊन आलेल्या मुलीला वेगवेगळं सांगितलं की ज्योत्स्ना म्हणजे कोणती ज्योत्स्ना. बिदर येईपर्यंत मधल्या रांगेपर्यंत माहिती पोचली. मागच्या रांगांना मात्र ती कळली नाही, आणि हीच गोष्ट त्यांना खटकली. तशी बाकी तक्रार काहीच नव्हती. बिदरला विमान टेकलं तेव्हा ते टेकलं हे शेजाऱ्याला सांगावं लागलं.

चार दिवसांनी ज्योत्स्नाला घरून पाकीट आलं. आत बाबूलालच्या हातचा अर्ज होता, योग्य मार्गानं पाठवण्यासाठी. योग्य मार्ग म्हणजे ती. तिनं तो वाचला, पुन्हा वाचला, खाली 'शिफारस करण्यात येते, कप्तान ज्यो. बा. मेत्रे' असं लिहिलं, आणि वर पाठवला. एक शब्दही बदलला नाही.

प्रति,
माननीय मुख्य कार्यकारी अधिकारी,
मांजरा एअर, बेंगळुरू.

विषय: विमानातील घोषणा अपुरी असल्याबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून सविनय कळविण्यात येते की, आपल्या बेंगळुरू ते बिदर विमानात कप्तानाचे नाव सांगताना फक्त 'ज्योत्स्ना' एवढेच सांगण्यात आले. त्यामुळे मागील रांगांतील प्रवासी कोणाच्या हातच्या गाडीतून उतरले हे न समजता आपापल्या घरी गेले. ही बाब गंभीर आहे. तरी यापुढे 'कप्तान ज्योत्स्ना बाबूलाल मेत्रे, मुक्काम पोस्ट कमलनगर, जिल्हा बिदर' अशी संपूर्ण घोषणा मराठी, कन्नड व हिंदी या भाषांत, सर्व रांगांना ऐकू जाईल अशा आवाजात करण्यात यावी. तसेच आपल्या कंपनीच्या ज्या ज्या विमानावर सदर कप्तान नसतील, त्या त्या विमानात प्रवाशांचा गैरसमज होऊ नये म्हणून, उड्डाणापूर्वी 'आज त्या नाहीत' असे स्पष्टपणे जाहीर करण्यात यावे, ही नम्र विनंती.